राऊत मॅडम आणि वाणगावचा नाका

हो, राऊत मॅडम तोंडाच्या कॅन्सरनेच गेल्या.
आणि हो, तंबाखूमुळेच.

सकाळपासून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुजबुज चाललीय. लोकांची व्यसनं सोडवणारी बाई, आणि स्वतः मात्र...
ते टिंब टिंब मी भरतो.

तलासरीच्या शाळेत शिकवताना मॅडमनी अठरा वर्षं चोरून तंबाखू खाल्ली. मग वापीला एनएलपीचा कोर्स केला. मनातली चित्रं बदलून सवय मोडायची, अशी ती पद्धत. आधी स्वतःची सोडली, मग आमच्या मागे लागल्या.
हे सगळं त्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगायच्या. लपवलं कधीच नाही.

मी वाणगावचा वायरमन. तेव्हा रोज पिणारा. हात थरथरायचे, म्हणून त्यांनी आधी डॉक्टरकडे पाठवलं. औषधं झाल्यावरच समोर बसवलं.

शपथ घ्यायला लावली नाही. ऑफिस सुटल्यापासून पहिल्या घोटापर्यंत नेमकं काय काय होतं, एवढंच विचारत राहिल्या.

शेवटी सापडलं.
बाजाराच्या नाक्यावर बारकडे वळायला मी बाइकचा डावा इंडिकेटर द्यायचो. तिथून पुढे मी माझा नसायचो.

मग रोज डोळे मिटून तो नाका बघायचा. बारचं चित्र लहान, फिकं, लांब करायचं. त्या जागी सरळ घरी पोचलेला मी, मोठा आणि रंगीत. मला हसू यायचं.

एका संध्याकाळी मॅडम स्वतः बाइकवर मागे बसल्या. नाका आला. अंगठा डावीकडे गेलाच.

मी गाडी बाजूला घेतली, दोन मिनिटं डोळे मिटले आणि सरळ घरी गेलो. बायकोने मॅडमना चहा दिला.

एक्केचाळीस दिवसांनी मी परत प्यालो. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे जाऊन म्हणालो, "मॅडम, सगळं पाण्यात गेलं."

"एक्केचाळीस दिवस तू प्यायला नाहीस. ते कोणी परत घेतले का? बस खाली, पुन्हा सुरू करू."

त्याला सहा वर्षं झाली. त्यानंतर थेंब नाही.

ऑपरेशननंतर त्यांना बोलता येईना. तरी मी कैनाड गावच्या एका पिणाऱ्या माणसाला घेऊन गेलो, तेव्हा अर्धा जबडा गेलेल्या मॅडमनी पाटीवर लिहून त्याचं सेशन घेतलं. तो सारखा त्यांच्या तोंडाकडे बघत होता.
त्यांनी लिहिलं, "मी उशिरा सोडली. तू आज सोड."

आज तो माणूस खांदा द्यायला होता. शुद्धीत.

मॅडम, मान ताठ ठेवून निरोप देतोय.