शिंप्याच्या मानेवरचा डाग

"भाऊ, आते दाबा!" सुपडू आबा माझ्या कानाशी कुजबुजले. मी हातातला रबरी फुगा दाबला. लांब नळीच्या दुसऱ्या टोकाला कॅमेऱ्याचं शटर खट् झालं आणि शिंपी भुर्रकन उडून गेला.

यावलच्या जंगलात पळसाच्या फांद्यांच्या आडोशाला आम्ही सकाळपासून घामाघूम बसलो होतो. सुपडू आबा तिथले फॉरेस्ट गार्ड. मी जळगावचा फोटोग्राफर, नवरानवरीला खुर्चीत बसवून फोटो काढणारा. नवरदेव दरडावलं की हलत नाही. हे बोटभर पाखरू मात्र पानं शिवून घरटं करतं, दिवसभर बडबडतं आणि कुणाचं ऐकत नाही. तेव्हा फिल्म नव्हे, काचेच्या प्लेटा असत. नऊ प्लेटा गेल्या, तेव्हा एक साधली.

हे काम रेंजर साहेबांचं. त्यांना पाखरांचा भारी नाद. मला एवढंच म्हणाले होते, "शिंपी गात असतानाचा स्पष्ट फोटो हवा." का हवा, ते मुद्दाम सांगितलं नाही, आणि आबांनाही बोलू दिलं नाही. मला नंतर कळलं, ते इथेच सांगून टाकतो. साहेबांच्या वहीतल्या निम्म्या नोंदी आबांच्या सांगण्यावरून झाल्या होत्या. आबा म्हणत, शिंपी गाताना मान ताणतो तेव्हा मानेवर काळा डाग दिसतो, गप्प झाला की दिसत नाही. साहेबांनी एक मेलेला शिंपी उलटासुलटा करून पाहिला. डाग सापडला नाही. ते आबांना म्हणाले, "फोटोत डाग नसेल, तर तुझ्या सगळ्या नोंदी मी खोडणार. आणि मग तू नाक्यावर बसून लाकडाच्या गाड्या तपास." उभा जन्म जंगल पायी तुडवलेल्या माणसाला हे किती लागलं असेल!

मी जळगावला आलो. उन्हाळ्यात पाणी तापलं की काचेवरचा थर सुटून येतो, म्हणून माठातल्या गार पाण्यात प्लेट धुतली. चित्र सुरेख उतरलं होतं. उघडी चोच, ताठ शेपटी, पायाचं नखसुद्धा. फक्त मानेवर एक ठिपका होता. मला वाटलं, पानाची सावली.

आता माझी बढाई ऐका. रिटचिंगमध्ये माझा हात धरणारा खानदेशात कुणी नाही, असं मला वाटे. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं, काळं ते पारदर्शक दिसतं. तेवढी जागा सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीने भरली की प्रिंटवरचा डाग जातो. देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं मी असंच घालवत असे. मी भिंग लावलं आणि सवयीने ठिपका भरून टाकला. दोन मिनिटांचं काम.

आठवड्याने साहेब आबांना घेऊन स्टुडिओत आले. साहेबांनी प्रिंट भिंगाखाली धरली आणि बराच वेळ पाहिली.

"मान स्वच्छ आहे, सुपडू."

आबांनी प्रिंट पाहिली. त्यांचा चेहरा पडला. "साहेब, मना डोयासनी देखेल शे. काया डाग शे तठे," एवढंच ते बोलले.

"कसला डाग?" मी विचारलं. साहेबांनी सांगितलं आणि मला तो भरलेला ठिपका आठवला. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. रिटचिंग ओळखू येऊ नये, यातच तर माझी शेखी. पण आबा टोपी हातात घेऊन निघायच्या बेतात उभे होते. मला माझीच लाज वाटली.

"साहेब, डाग होता. मी घालवला."

"घालवला? की आता सुपडूची दया येतेय तुम्हाला?"

त्यांचा संशय रास्त होता. मी प्लेट आणली, कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि त्यांच्यासमोर पुसायला लागलो. पेन्सिलीचं काम टर्पेंटाइनने निघतं. चाकूने खरवडलं असतं, तर कायमचं गेलं असतं. मग प्लेटीखाली कागद ठेवून दोन्ही छपाईच्या चौकटीत बसवले आणि ती खिडकीतल्या उन्हात धरली. हा कागद उन्हानेच काळवंडतो. मधूनमधून मी चौकटीची मागची झडप उघडी आणि आम्ही तिघं डोकी जुळवून वाकत असू. चोच आली, शेपटी आली. आणि मानेवर, हळूहळू, मोहरीएवढा काळा डाग उमटला.

साहेबांनी पुन्हा भिंग लावलं. मग म्हणाले, "आबा, हा गप्प असताना जातो कुठे?"

"पिसासखाले," आबा म्हणाले. सुपडूचे ते आबा झाले होते.

साहेबांनी वही काढून तिथेच नोंद केली. नाक्याचा विषय पुन्हा निघाला नाही. भरपाई म्हणून मी आबांना खुर्चीत बसवून त्यांचा फोटो काढला. कपाळावर भुवईपर्यंत मोठा व्रण होता. जन्मात कुणा गिऱ्हाइकाला विचारलं नव्हतं, ते त्या दिवशी विचारलं, "आबा, हा ठेवू की काढू?"

"ऱ्हाऊ द्या, भाऊ. अस्वलनी देयेल शे. काढी टाकशात ते घरवाली माले ओयखाव नई."

तेव्हापासून पेन्सिल उचलण्याआधी मी प्रत्येकाला विचारत आलो. निम्मे लोक ठेवा म्हणतात.