तीन पायऱ्या खाली

ज्ञानोबा नव्या जागी गेला की पहिले चार दिवस दगडाला हात लावत नसे. मैदानं आखायला वापरतात ती पांढरी फक्की सकाळी जमिनीवर शिंपडायचा आणि कडेला बिडी ओढत बसायचा. संध्याकाळपर्यंत माणसांच्या पायांनी फक्की पुसून वाटा उमटत. मग म्हणे, "जागा बोलली बगा, सायेब. आता आपुन तोंड उघडायचं."

तो मेढ्याकडचा, डोंगरातला. घाटातल्या एका वळणावर बायका मोळ्या टेकवायला थांबत. तिथे त्याने डोक्याच्या उंचीवर दगडाचे दोन रुंद खांदे कोरून उभे केले. मिरजेत एका दवाखान्यासमोर रुग्णांचे नातेवाईक उकिडवे बसून असत. त्यांच्यासाठी तंबोऱ्याच्या भोपळ्यासारख्या दगडी बैठका केल्या. कुणी पुतळ्याचं काम आणलं तर विचारायचा, "तितं त्येचं काम काय?" उत्तर आलं नाही की उठून चालू लागे. काम झाल्यावर उद्घाटनाला मात्र कधीच जात नसे. "जागा आता त्येंची," एवढंच म्हणायचा.

पलूस तालुक्यातल्या एका नदीकाठच्या गावी मी घाट बांधत होतो. मी अभियंता. घाटावर शोभेचं काहीतरी हवं म्हणून ज्ञानोबाला मीच बोलावलं. तो खालच्या आळीतल्या म्हाताऱ्यांत पंधरा दिवस बसला. नदी एका ठरावीक पायरीवर आली की मागचा ओढा फुगतो आणि आळीची वाट तुटते, हे त्याला तिथे कळलं. त्याने काळ्या दगडातून बसलेली बाई घडवली. तिचा उजवा हात खाली सोडलेला, बोटं त्या ठरावीक पायरीच्या जरा खाली पोचतील असा. "बाईच्या बोटाला पानी लागलं की गुरं सोडायची आन् वर निघायचं," असं त्याने आळीला घरोघर सांगितलं. बाई जिथे बसायची त्या पायरीवर छिन्नीने फुलीची खूण केली आणि आई आजारी म्हणून तो गावी गेला.

उद्घाटनाला मोठे लोक यायचे होते. खुणेवर बसवली तर बाई रस्त्यावरून दिसत नव्हती. मी ती तीन पायऱ्या वर बसवली. तीन पायऱ्यांनी काय होतंय, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर तेवढाही विचार मी केला नाही.

पहिल्याच मोठ्या पुरात खालची आळी बोटांकडे बघत थांबली. बोटं कोरडी होती. वाट मात्र बुडाली. माणसं कौलांवर चढून वाचली. दावणीची गुरं गेली.

पाणी उतरल्यावर गाव चावडीसमोर जमलं. "डोंगरातल्या मानसाला नदी काय कळनार? माप चुकलं त्येचं!" कुणीतरी ओरडलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

चार दिवसांनी ज्ञानोबा आला. घाटावरचा चिखल हाताने सारून त्याने फुली शोधली, तिथून बाईपर्यंत पायऱ्या मोजल्या आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"सायेब, बसल्याली बाई कुनी उठवली?"

मी चपलेचा चिखल पायरीला पुसू लागलो.

"पोरं ल्हान हायत तुमची," तो म्हणाला. "नोकरी जाईल. माझं काय, डोंगरात दगड लय हायत."

त्याला आमच्या भागात पुन्हा काम मिळालं नाही. मेढ्याच्या बाजारात तो पाटे-वरवंटे विकायचा. एकदा मी मुद्दाम गेलो. त्याने चहा पाजला आणि विचारलं, "बाई बरी हाय न्हवं?" "बरी आहे," म्हणालो आणि परतीची एसटी पकडली.

गेल्या वर्षी तो वारला. त्यानंतर घाटाच्या त्या गावच्या ग्रामसभेत मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. मग दोन म्हशी गमावलेला एक म्हातारा काठी टेकत पुढे आला.

"आवं सायेब, म्हशीचं जाऊ द्या. त्या गड्याला आमी इतकी वर्सं शिव्या घातल्या, त्या आता कुनी माघारी घ्यायच्या?"

 

उन्हाळ्यात गावाने बाई खाली आणली. गाळाखाली फुली तशीच होती. बाई तिथे टेकवली, तर बूड दगडात असं बसलं की चुन्याचा लेपही लागला नाही. फुलीभोवती पायरी त्याने तेव्हाच उथळ कोरून तिच्या मापाची करून ठेवली होती.