सालमेने दाखवलेली जागा

राखाडी रंगाचं जहाज दिसलं की आमच्या सासूबाई आधी खिडकीचा पडदा ओढून घेत आणि मग पडद्याच्या फटीतून बघत बसत. त्यांचं नाव सालमे. जन्म, लग्न आणि वैधव्य, तिन्ही त्यांच्या वाट्याला किविरान्ना गावातच आलं. एस्टोनियाच्या उत्तर किनाऱ्यावर इतक्या आत वळलेली आमची खाडी आहे की वाट चुकल्याशिवाय इथे कुणी येत नाही, असं गावकरीच म्हणतात.

रशियन अमलात मात्र इथे पहारेकरी असत. संध्याकाळी बोटींची वल्ही त्यांच्याकडे जमा करायची. किनाऱ्यावरच्या वाळूत ट्रॅक्टरने कुळव फिरवायचे, म्हणजे रात्री कुणाचं पाऊल उमटलं तर सकाळी दिसावं. जाळी कुठे टाकलीत हेही ते विचारत, आणि गावात कुणी खरं सांगत नसे. खरं सांगितलं की पुढच्या आठवड्यात तिथे पहारेकऱ्यांचीच जाळी. सासूबाईंना खोटं बोलायला शाळेत कुणी शिकवलं नाही, पण मासळीच्या कारखान्यात डबे भरता भरता त्या हे शिकल्या. पुढे देश आपला झाला, कारखाना बंद पडला, पहाऱ्याचा मनोरा ओसाड झाला. सवय तेवढी राहिली.

सासरे, एंडेल, गेल्यावर त्या एकट्याच समुद्रावर जाऊ लागल्या. लेप मासा धरायचा, अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत आल्डर झाडाच्या लाकडावर धुरवायचा आणि उन्हाळ्यात येणाऱ्या शहरी लोकांना खिडकीतून विकायचा, यावर त्यांचं घर चालत होतं. लेप मिळायचा तो एकाच जागी. बोटीतून बघताना शाळेचं धुराडं किनाऱ्यावरच्या मोठ्या दगडामागे जाईल आणि पहाऱ्याचा मनोरा भूशिराच्या टोकावर येईल, तिथे. ही खूण एंडेलने त्यांना मरणाच्या आदल्या वर्षी सांगितली, आणि सोबत दुसरी गोष्टही. त्या जागी तळाशी युद्धातला सुरुंग आहे. जाळं हलक्या हाताने टाक आणि कुणापाशी बोलू नकोस. आरमाराला कळलं तर ते सुरुंग उडवतील, आणि त्याबरोबर तुझा लेपही उडेल.

एंडेल गेल्यावर काही वर्षांनी, मे महिन्यात, हिरव्या काट्यांचे चोचवाले मासे किनाऱ्याला यायच्या सुमारास, 'वाइगा' आमच्या खाडीत आली.

वाइगा आमच्या आरमाराची, समुद्रातले जुने सुरुंग शोधणारी नौका. गावात या आरमाराची थट्टाच जास्त व्हायची. आपलं आरमार म्हणजे मूठभर जहाजं, तीही दुसऱ्या देशाने वापरून झालेली, आणि वर प्लास्टिकची, असं दुकानात बसणारे म्हणत. प्लास्टिक का, तर जुन्या सुरुंगांना लोखंडाची चाहूल लागते. पटण्यासारखं कारण होतं, पण सासूबाईंना ते पटलं नाही. ज्याला आपल्या अंगात लोखंड आहे हे लपवावं लागतं, तो अजून काय काय लपवत असेल, असं त्या म्हणाल्या.

खरं तर जहाज दिसायला गरीब होतं. मागच्या बाजूला दोरीवर मोजे वाळत असत. स्वयंपाकी बाहेर स्टुलावर बसून बटाटे सोली. दिवसातून एकदा ते एक पिवळं, माशाच्या आकाराचं यंत्र लांब तारेला बांधून पाण्यात सोडत आणि तासाभराने वर घेत. सासूबाईंनी हे सगळं एंडेलच्या दुर्बिणीतून पाहिलं, आणि त्यांच्या लक्षात एकच गोष्ट राहिली. वाइगाने नांगर टाकला होता तो त्यांच्या लेपाच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर.

"कुणीतरी सांगितलंय," त्या मला म्हणाल्या.

कुणी, तेही त्यांनी दुपारपर्यंत ठरवलं. आमच्या शेजारचा इल्मार, शाळेत त्यांच्याच वर्गात असलेला, आपली बोट घेऊन सरळ जहाजापाशी गेला होता. शिडीखाली उभा राहून हातवारे करत बराच वेळ बोलला. परत येताना आमच्या घराकडे त्याने बघितलंही नाही. सासूबाईंच्या मते हेच पुरेसं होतं. निरपराध माणूस इकडे तिकडे बघतो.

दुसऱ्या दिवशी जहाजावरचा अधिकारी किनाऱ्यावर आला. तानेल त्याचं नाव, कान वाऱ्याने लाल झालेले. गावातल्या प्रत्येक कोळ्याच्या घरी जाऊन तो एकच प्रश्न विचारत होता, तुमची जाळी तळाशी कुठे अडकतात. आमच्याकडे त्याने बूट दाराबाहेर काढले, कॉफी घेतली आणि राईच्या पावावरचा धुरवलेला लेप फार मनापासून खाल्ला. सासूबाई त्याच्या प्रत्येक घासाकडे बघत होत्या. हा मासा कुठला, असं त्याने विचारलं असतं तर मला वाटतं त्यांनी ताटच उचललं असतं. त्याने विचारलं नाही. नकाशा उलगडून तो फक्त म्हणाला, "सालमेबाई, तुमची जाळी कुठे अडकतात का?"

सासूबाईंनी चष्मा लावला, नकाशावर वाकल्या आणि इल्मार जाळी टाकतो त्या जागेवर बोट ठेवलं.

"इथे," त्या म्हणाल्या. "माझे यजमान म्हणायचे, इथे काहीतरी वाईट आहे."

मी सिंकपासून मान वळवून बघत होते. धुतलेलीच बशी मी पुन्हा धुवायला घेतली.

वाइगाने नांगर उचलला आणि ती इल्मारच्या जागेवर गेली. तिथे पिवळी पिंपं तरंगू लागली आणि काम संपेपर्यंत आत जाळी टाकायची नाहीत असा निरोप आला. चोचवाले मासे नेमके तेव्हाच आले होते. वर्षातले तेवढेच दिवस इल्मारचे, बाकी वर्षभर तो लोकांची छपरं दुरुस्त करतो. त्याने मुकाट्याने जाळी काढली आणि कुंपणावर वाळत घातली. आमच्या स्वयंपाकघरातून ते कुंपण दिसतं. सासूबाईंनी त्या दिवशी दोनदा पडदा लावला आणि दोनदा उघडला.

आणि तिथे सुरुंग सापडला.

आधी कुणी विश्वास ठेवला नाही. मग तानेलने सगळ्यांना किनाऱ्यापासून दूर थांबायला सांगितलं, आणि खाडीच्या मधोमध पाण्याचा पांढरा खांब उभा राहिला. खिडक्यांच्या काचा वाजल्या. खांब खाली बसल्यावर दुकानातले लोक वाइगाबद्दल एकदम आदराने बोलू लागले. सासूबाई मात्र आत येऊन नुसत्याच खुर्चीत बसल्या. चेहऱ्यावर असा भाव, की कुणीतरी त्यांनाच फसवलंय.

संध्याकाळी इल्मार आला. टोपी न काढता दारातच उभा राहिला.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला. "बापाच्या काळापासून आम्ही त्यावर जाळी टाकतोय, आणि तुला माहीत होतं. एंडेल तुला बोलला होता, असं तूच त्या तानेल पोराला सांगितलंस, तोच म्हणाला मला. इतकी वर्षं खिडकीत बसून बघत होतीस, कधी उडतोय ते."

सासूबाईंपुढे दोनच रस्ते होते. माहीत होतं म्हणावं, तर त्या शेजाऱ्याला मरू देणाऱ्या बाई. माहीत नव्हतं म्हणावं, तर मग ते बोट तिथे का ठेवलं? बराच वेळ त्यांनी टेबलावरचे पावाचे कण एका जागी गोळा केले.

"मला काही माहीत नव्हतं," त्या शेवटी म्हणाल्या. "मी खोटं सांगितलं. तू जहाजावर जाऊन माझी जागा दाखवलीस ना, म्हणून. म्हटलं, तुझीही जाळी पाण्याबाहेर येऊ देत."

"मी तुझी जागा दाखवली? अगं, मी त्यांना सांगायला गेलो होतो की मासे जाईपर्यंत जरा थांबा."

"असं तू म्हणतोस."

"आणि तू म्हणतेस, खोटं बोललीस आणि नेमका सुरुंग निघाला. सालमे, खोटं तरी धड बोलत जा."

गावाने जन्मभर एकमेकांना खोट्या जागा सांगितल्या, त्यामुळे आता खरं बोललेलं ओळखायची सोयच राहिली नव्हती. इल्मारने दाराच्या चौकटीवर हात टेकला आणि म्हणाला, तुझ्या जागी खरंच काही असेल, ज्यासाठी तू एवढी घाबरलीस, तर ती जागा माझ्यासमोर त्या जहाजाला दाखव. सुरुंग निघाला तर तू खोटंच बोलली होतीस हे मी मानेन.

म्हणजे लेप द्यायचा. त्या बाईकडे दुसरं होतं तरी काय? मी मध्ये बोलणार होते, पण त्यांनी मला हाताने थांबवलं आणि इल्मारला म्हणाल्या, सकाळी ये.

सकाळी आम्ही इल्मारच्या बोटीतून वाइगापाशी गेलो. वरून तानेल वाकला. सासूबाईंनी मोठ्याने, इल्मारला नीट ऐकू जाईल अशा आवाजात, धुराडं, दगड, मनोरा आणि भूशीर सगळं सांगितलं. मग खाली बसल्या आणि हातमोजे घालू लागल्या. डावा उजव्या हातात जात होता.

पिवळं यंत्र पाण्यात गेलं. आम्ही शेजारी डुलत राहिलो. स्वयंपाक्याने वरून दोरीने बिस्किटं सोडली, सासूबाईंनी ती आधी हुंगली. बऱ्याच वेळाने तानेल शिडी उतरून आमच्या बोटीत आला.

"सालमेबाई, इथे सुरुंग नाही," तो हळू म्हणाला. "मोठा सपाट दगड आहे, वाफेच्या सौनाघराएवढा. आणि त्याच्याभोवती लेपच लेप."

"नीट बघा."

"तीनदा बघितलं."

इल्मार हसला नाही, हे मला त्याचं फार आवडलं. एंडेलने बायकोलाही, पहारेकऱ्यांना मारायचा तशीच, थाप मारली होती. खूण खरी दिली, पण तोंड बंद राहावं म्हणून खाली सुरुंग ठेवून दिला.

"इतकी वर्षं मी एका धोंड्याला घाबरून श्वास रोखून जाळं टाकतेय," त्या म्हणाल्या. त्या शनिवारी नेहमीसारख्या एंडेलच्या कबरीवर फुलं घेऊन त्या गेल्या नाहीत. मीच गेले.

वाइगा निघून गेली. दुसऱ्या दिवशी उजाडताच सासूबाईंनी मला हाक मारली. इल्मारची बोट धुराडं आणि दगडाच्या रेषेत, नेमकी लेपाच्या जागी थांबली होती.

"बघ," त्या म्हणाल्या. "गेलाच."

मी वल्ही मारली. आम्ही जवळ पोहोचलो तेव्हा तो इंजिन बंद करून बसला होता, जाळं पायाशी.

"तू आधी टाक," तो म्हणाला.

"का?"

"जागा तुझी आहे."

"आणि उद्या?"

"उद्याही तूच आधी. मी त्या बाजूला टाकेन, उरलं तर."

सासूबाईंनी जाळं सोडलं, या खेपेला हलक्या हाताने नाही, सरळ झोकून. मग मला हळूच म्हणाल्या, जरा त्याच्या बोटीला वळसा घाल. मी घातला. त्या काठावरून वाकल्या, पलीकडच्या बाजूला पाण्यात दोर लोंबतोय का ते पाहिलं आणि इल्मारच्या पायाशी पडलेल्या जाळ्याला हात लावला.

"कोरडं आहे," त्या मला म्हणाल्या. "आज."