दुसऱ्या मजल्यावरचा आंबेवाला

गोमतीकाठच्या त्या शहरात, अलीगंजच्या एका इमारतीत मराठी घरं दोनच, आणि दोन्ही दुसऱ्या मजल्यावर, दारासमोर दार. एकात विजयाकाकू आणि बँकेतून निवृत्त झालेले त्यांचे पंढरीनाथराव. दुसऱ्यात सुश्रुत आगाशे, मूळचा नाशिकचा, संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ, वय चौतीस, अविवाहित. यातला शेवटचा शब्द काकूंना फार छळायचा. चार वर्षांत त्यांनी त्याच्यासाठी तीन स्थळं आणली. इंदूरच्या मुलीचा फोटो तर शंकरपाळ्यांच्या डब्यात घालून पाठवला होता.

आता गंमत बघा. हाच सुश्रुत दोन हजार अठराच्या सप्टेंबरात, समलिंगी प्रेम गुन्हा नाही असा कोर्टाचा निकाल लागला त्या आठवड्यात, भलताच शूर झाला होता. आईला फोन करून सांगून टाकलं, की मला बायका नाही, पुरुष आवडतात. आई दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी विचारलं, "जेवतोयस ना वेळेवर?" संस्थेच्या कँटीनमध्ये सांगितलं, तिथं टाळ्या पडल्या, कुणीतरी समोसे मागवले. म्हणजे नाशिकला कळलं, कँटीनला कळलं, फक्त जिन्याला कळलं नव्हतं. जिन्यात काकू होत्या ना. काकूंना सकाळी कळलेलं दुपारच्या चहाला वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतल्या त्यांच्या बहिणीला, वीणाताईंना, कळतं आणि दिवेलागणीला गावातल्या सगळ्या मराठी माणसांना.

त्याच हिवाळ्यात त्याला हरिहर भेटला. शाळेत गणित शिकवणारा, उंच, बोलणं मोजकं, वडिलांची मलिहाबादला आंब्याची बाग. आठ महिने दोघं चहाच्या टपरीवर, गोमतीच्या काठावर भेटत राहिले, पण सुश्रुतनं घरचा पत्ता काही दिला नाही. त्यालाही कारण होतं. पूर्वी एकानं गोड बोलून घरी येऊन पाकीट लांबवलं होतं, वर 'ऑफिसात सांगेन' म्हणून महिनाभर धमकावलं होतं. तेव्हापासून हा माणसाला पारखायचा, परत पारखायचा, आणि तरी दार लावूनच ठेवायचा. हरिहरनं पत्ता कधी मागितला नाही. शेवटी जूनमध्ये सुश्रुतनंच मोबाईलवर लिहिला, पुसला, पुन्हा लिहिला आणि डोळे मिटून पाठवला.

रविवारी अकराला हरिहर आला. खांद्यावर दशहरीची लाकडी पेटी. स्वतः भरलेली, वर्तमानपत्राच्या घड्या घालून तीन थर केलेले: वरचे आंबे आजच्यासाठी, मधले बुधवारी पिकतील असे, खालचे पुढच्या रविवारसाठी. सुश्रुतनं दार उघडलं आणि समोरचंही दार उघडलं.

"कोण रे हे?" काकूंनी विचारलं.

मित्र म्हणाला असता तर काय बिघडलं असतं? पण लपवायची सवय लागलेल्या माणसाला साधा शब्दही जड होतो.

"आंबेवाला आहे, काकू."

"मग मला नको का सांगायला? भैया, इधर लाओ. साहब को दूसरी पेटी ला देना."

हरिहरनं सुश्रुतकडे एकदा पाहिलं. एकदाच. मग चपला काढून तो काकूंच्या स्वयंपाकघरात गेला, पेटी ठेवली.

"जरा वो सिलेंडर भी सरका दो भैया, हमारे इनकी कमर में दर्द है."

त्यानं भरलेला सिलेंडर उचलून ओट्याखाली लावला. काकू पर्स शोधायला लागल्या तसा म्हणाला, "रहने दीजिए माताजी, साहब से हिसाब हो जाएगा." दारात उभ्या असलेल्या सुश्रुतला म्हणाला, "चलता हूँ, साहब." आणि जिना उतरून गेला. सुश्रुत उंबऱ्यावरून हे सगळं बघत उभा होता.

नंतर त्यानं फोन केले. उचलले गेले नाहीत. समोरून पिकल्या आंब्यांचा वास येत राहिला. मंगळवारी काकू वाटीभर आमरस घेऊन आल्या. "तुझ्या आंबेवाल्याचा माल काय गोड आहे रे. नंबर दे त्याचा. आणि माणूस गुणी हो, चपला काढून आत आला." सुश्रुतनं वाटी घेतली. एक चमचा तोंडात घातला आणि वाटी झाकून ठेवली. इतके महिने तो, हरिहर आपल्याला फसवेल का, हेच तपासत होता. भरवसा ठेवण्याजोगा नाही तो आपणच, हे त्याच्या कुठल्याच तपासणीत आलं नव्हतं.

गुरुवारी त्यानं काकूंची बेल वाजवली. नेमक्या वीणाताई आलेल्या. त्यांना बघून तो परत फिरणार होता, पण थांबला.

"काकू, ती पेटी माझी होती."

"अरे, मग पैसे घे ना. मी काय नाही म्हणते?"

"विकायची नव्हती. तो आंबेवाला नाहीये. हरिहर नाव त्याचं, शाळेत शिकवतो. माझ्याकडे आला होता, पहिल्यांदा." वीणाताईंकडे न बघता तो पुढे म्हणाला, "माझं प्रेम आहे त्याच्यावर. तुम्हाला घाबरून मी खोटं बोललो."

पंढरीनाथरावांनी पेपर खाली घेतला, मग परत वर घेतला. काकूंनी हातातला कप खाली ठेवला.

"मी त्याच्याकडून सिलेंडर उचलून घेतला," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि तू बघत उभा राहिलास."

"हो."

"इंदूरच्या मुलीला तू उंची जास्त म्हणून नाही म्हणालास."

"हो, काकू."

"उंच होती तशी ती." मग मान न वळवता, "वीणा, मोबाईल खाली ठेव."

त्याच दुपारी तो स्कूटरनं मलिहाबादला गेला. शाळेला सुट्टी होती, हरिहर बागेत पेट्या भरत होता. सुश्रुतनं समोरच्या घरात काय बोललो ते सांगितलं. मग माफी मागितली.

"डर गए थे, ये समझता हूँ," हरिहर हात न थांबवता म्हणाला. "डरता मैं भी हूँ. मगर आपने सिलेंडर उठाते देखा और चुप रहे. रास्ते भर वही सोचता रहा."

तेवढ्यात खाटेवरून म्हाताऱ्या वडिलांनी हाक दिली, "कौन आया है, हरि?"

सुश्रुतला वाटलं, आता म्हणेल व्यापारी आहे. म्हणायलाच पाहिजे, न्यायच आहे तो.

"सुश्रुत हैं, बाबूजी. इन्हीं के लिए पेटी बाँधी थी."

"अच्छा, आइए. आम कैसे निकले, बेटा?"

खोटं बोलणं किती सोपं होतं. "मैंने एक ही चम्मच खाया, बाबूजी," सुश्रुत म्हणाला. "आपकी पेटी मैंने अपनी ग़लती से दूसरे घर भिजवा दी. इनका अपमान भी किया."

म्हातारबांनी मुलाकडे पाहिलं. मुलानं खाली मान घातली, एक आंबा कागदात गुंडाळला, दुसरा उचलला.

"धूप में मत खड़े रहिए," तो सुश्रुतला म्हणाला. "बैठिए. और काग़ज़ पकड़ाइए."

सुश्रुत मातीत बसला. शहाण्यासारखा, काही न विचारता, एकेक कागद पुढे करत राहिला.