खांबांच्या वाटा

ते वादळ आमच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा मला कतारला, दोह्यात येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. नवी नोकरी, अल मुंतझा वस्तीतला दुसऱ्या मजल्यावरचा एका खोलीचा फ्लॅट, आणि रेसिडेन्स परमिट अजून व्हायचं होतं. पासपोर्ट कंपनीकडे जमा होता. परमिट हातात येईपर्यंत देशाबाहेर गेले तर व्हिसाच रद्द होईल, असं एचआरने पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं. हे मी बाबांना कधी सांगितलं नव्हतं. कशाला उगाच त्यांना काळजी, असं वाटलं.

बाबा कोकणात खाडीच्या तोंडाशी असलेल्या आमच्या गावात एकटे राहायचे. आईला जाऊन चार वर्षं झाली होती. बाबा वीज खात्यात लाइनमन होते, सगळी नोकरी त्याच तालुक्यात झाली. निवृत्तीनंतर सुपारीची वाडी बघायचे. फोनवर त्यांना फार बोलता येत नसे. जेवलीस का, तिकडे गरम आहे का, मग ठेव. मीही तशीच. आमच्या दोघांच्या मधे बोलणारी आईच होती.

बुधवारी सकाळी ऑफिसात पोचले आणि त्यांना फोन लावला. सरकारने किनाऱ्यावरची माणसं आदल्या दिवसापासूनच शाळेत हलवायला सुरुवात केली होती.

"निघालात का शाळेत?" मी विचारलं.

"निघतो. वाऱ्याने दिशा बदललीय. छपरावर दोर टाकतो आणि जातो."

"बाबा, राहू दे छप्पर."

"बरं, ठेव आता," ते म्हणाले. त्यानंतर त्यांचा फोन लागला नाही.

बाहेर दोह्याचं आभाळ कोरडं, पांढरं. शेजारच्या टेबलावर दोघं सुट्टीची तिकिटं बघत होते. माझ्या स्क्रीनवर एका कोपऱ्यात बातम्या लावून ठेवल्या होत्या, पण त्यात सगळी मुंबई. वादळ आमच्याच बाजूने आत शिरलं होतं, पण आमच्या गावाचं नाव कोणी घेत नव्हतं. संध्याकाळपर्यंत मी ओळखीतले सगळे नंबर लावून पाहिले. अख्खा तालुकाच बंद होता.

गुरुवारी जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा नंबर मिळाला. बऱ्याच वेळाने एका माणसाने फोन उचलला. घसा बसलेला, पण बोलणं सावकाश.

"कुठून बोलताय ताई?"

"कतारहून. माझे वडील एकटे असतात."

"रस्ते बंद आहेत, सगळीकडे झाडं पडलीत. केंद्राचं पथक काल रात्री तालुक्यात पोचलंय, ते झाडं कापत कापत पुढे जातायत. घराची खूण सांगा."

मी सांगितली. देवळामागची दगडी पायऱ्यांची पाखाडी, शेवटचं घर, दारात विहीर. त्याने सगळं लिहून घेतलं, परत वाचून दाखवलं आणि म्हणाला, "उद्या दुपारी करा फोन. मी नसलो तरी वहीत असेल."

शुक्रवार-शनिवार इथे सुट्टी. शुक्रवारी दुपारी फोन केला तर तोच होता. त्याने वही उघडल्याचा आवाज आला.

"पथकाची माणसं पोचली होती तुमच्या घरी. छप्पर गेलंय. आत कोणी नाही."

"कोणी नाही म्हणजे?"

"घर रिकामं आहे, एवढंच लिहिलंय ताई."

"शाळेत नेलेल्यांच्या यादीत बघता का?"

"ती यादी अजून आमच्यापर्यंत आलेली नाही. पण माणूस सापडला नाही म्हणजे वाईटच, असं धरू नका. लोक एकमेकांकडे राहिलेत."

मी शुक्रन म्हणून फोन ठेवला. दोन महिन्यांत तो शब्द तोंडात बसला होता. नंतर लक्षात आलं की आपण रत्नागिरीच्या बाजूच्या माणसाला अरबीत आभार मानले.

तो शुक्रवार आणि शनिवार मी कसे काढले ते नीट सांगता येत नाही. सगळे कपडे धुतले, धुतलेले पुन्हा धुतले. शनिवारी चारच्या सुमाराला खाली उतरले, समोरच्या बागेपर्यंत गेले. एवढ्या उन्हात बागेत कोण असणार? लोखंडी बाकावर टेकता येईना, म्हणून उभीच राहिले. कोणाला तरी मराठीत सांगावंसं वाटत होतं. हिंदीत सांगणारी माणसं होती, ऑफिसातल्या एकीने मेसेजही केला होता, सगळं ठीक होईल इन्शाल्ला म्हणून. पण 'घर रिकामं आहे' हे वाक्य मला दुसऱ्या भाषेत म्हणायचं नव्हतं. दोह्यातल्या माझ्या मराठी ओळखी म्हणजे गणेशोत्सवाच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधली नावं. तिथे लिहायला घेतलं आणि पुसून टाकलं.

रविवारी सकाळी पासपोर्ट मागायला एचआरच्या माणसासमोर बसले. केरळचा, वयाने मोठा. म्हणाला, "पासपोर्ट मी आज देतो. पण परत येता येईल की नाही, हे माझ्या हातात नाही. तुमच्या वडिलांचं नक्की काय झालंय?"

त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला, तेवढ्यात माझा फोन वाजला. नंबर अनोळखी, लांबलचक.

"हॅलो. मी बोलतोय."

बाबाच होते. पाठीमागे करवतीचा घरघराट.

"बाबा! कुठे आहात?"

"वरच्या वाडीत. या दिल्लीवाल्या लोकांबरोबर. त्यांचा फोन आहे हा, उपग्रहाचा. अगं, झाडांखाली तारा अडकल्यात, कुठली तार कुठून येते ते या पोरांना काय माहीत? गुरुवारी संध्याकाळपासून यांच्याबरोबरच फिरतोय. खांब कुठे, वाट कुठे, सगळं गाडलं गेलंय. मला पाठ आहे ना."

त्यांचा आवाज ऐकून मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? हा आवाज तरुण आहे, असं. इतकी वर्षं फोनवर असा ऐकलाच नव्हता.

"तुम्ही सापडत नव्हता. मला सांगितलं घर रिकामं आहे."

"रिकामंच होतं. घरं बघणारी पोरं वेगळी, मी इकडे खांबांवर होतो."

"एक फोन करायचात."

"शुक्रवारी एक फोन मिळाला होता करायला. पण खालच्या आळीतल्या वहिनींची लेक पुण्यात, तिचे दिवस भरलेले, ती घाबरून गेली असती. मग माझी पाळी वहिनींना दिली. म्हटलं, आमची समजूतदार आहे."

एचआरचा माणूस माझ्याकडे बघत होता. मी मान हलवून सांगितलं की सगळं ठीक आहे. त्याने हात छातीवर ठेवला आणि पासपोर्टचा लिफाफा परत कपाटात ठेवला. मी जागेवर गेले, दुपारच्या मीटिंगला बसले. त्या दिवशी आणखी कोणी मला समजूतदार म्हटलं असतं तर मी काय केलं असतं कोण जाणे.

पुढे बातम्या तुकड्यातुकड्याने येत राहिल्या. पथक परतलं. मग वीज जोडायला बाहेरच्या राज्यांतल्या तुकड्या आल्या. तलाठी पंचनामा करून गेला. एकदा दिल्लीहून पाहणी करायला अधिकारी आले, बाबांनी त्यांना वाडीत उभं करून सांगितलं, "साहेब, सुपारी म्हणजे भात नव्हे. पुढच्या वर्षी येत नाही." अधिकाऱ्याने ते इंग्रजीत लिहून घेतलं म्हणे. हे सगळं बाबा फोनवर सांगायचे, आणि सांगून झालं की ठेवायचे. मी कशी आहे हे विचारायला त्यांना वेळ होत नसे.

परमिट ऑगस्टमध्ये झालं. दहा दिवसांची रजा घेऊन मी गेले. गावात शिरताना ओळखच पटेना, इतका उजेड. जिथे गर्द सावली असायची तिथे बुंधे मोडून पडले होते आणि घरं उघडी पडल्यासारखी दिसत होती. आमच्या घरावर सरकारी ताडपत्री होती, अर्ध्या भागावर नवे पत्रे. मी बाबांना सांभाळायला आले होते. पण बाबा सकाळी चहा घेऊन निघायचे ते दिवेलागणीला यायचे. मी भाताचा कुकर लावायची, ताडपत्रीखालच्या पडवीत बसून राहायची. तिथेही मी एकटीच.

चौथ्या दिवशी त्यांच्याबरोबर गेले. ओडिशाची तुकडी होती, डोंगराच्या कडेने खांब रोवत चालली होती. त्यांचा मुकादम बाबांना गुरुजी म्हणत होता. बाबा एका उताराशी थांबले, पायाने माती चाचपली आणि म्हणाले, "यहाँ खोदो." हातभर खणल्यावर जुन्या खांबाचं बूड लागलं. सगळे हसले. बाबाही हसले, आणि मग त्यांना मी दिसले तसे ते जरा ओशाळले.

दुपारी जांभ्या दगडाच्या गडग्यावर आम्ही डबा खाल्ला. तेव्हा मी विचारलंच.

"त्या शुक्रवारी तुम्हाला खरंच वाटलं का, की मला काही होणार नाही?"

त्यांनी भाकरीचा तुकडा डब्यात परत ठेवला. "फोन केला असता तर काय सांगणार होतो? छप्पर गेलं, वाडी गेली. तुझ्या आईच्या हातची झाडं गेली. तू धावत आली असतीस. नवी नोकरी."

"मला येताच आलं नसतं, बाबा. पासपोर्ट कंपनीकडे होता."

"हे बोलली नाहीस कधी."

"तुम्हाला काळजी नको म्हणून."

"हं," ते म्हणाले. डबा झाकला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चुकलंच माझं, बाय. त्या दिवशी दोन फोन मागून घ्यायला हवे होते. दिले असते त्यांनी."

ते माझ्याशी असं आधी कधी बोललेले मला आठवत नाही. खालून कोणीतरी गुरुजी म्हणून हाक मारली आणि ते उठले.

मी निघाले त्याच दिवशी ओडिशाची तुकडीही पुढच्या गावी जायची होती. बाबा मला नाक्यापर्यंत सोडायला आले, पिशवी गाडीत चढवून दिली, खिडकीशी थोडा वेळ उभे राहिले. मग ट्रकचा हॉर्न वाजला तसे तिकडे वळले. शेवटच्या वाडीत वीज आली ती त्या संध्याकाळी. मी तेव्हा विमानतळावर होते. कोणी पेढे वाटले, कोण रडलं, ते त्यांनी दोन दिवसांनी सांगितलं.

वर्षअखेरीला माझा करार आणखी दोन वर्षांनी वाढवून मिळत होता. एकदा मनात आलं, नको म्हणावं. बाबांना फोन करून विचारलं, सही करू का?

"तुला काय वाटतं?" ते म्हणाले.

"मला इथे फार एकटं वाटतं, बाबा."

नव्या रोपांना पाणी घालत असावेत, पाइपचा आवाज येत होता.

"मलाही," ते म्हणाले.

त्या दिवशी फोन कोणी ठेवला नाही. पाणी संपेपर्यंत मी ऐकत राहिले. आता असा फोन करता येईल, एवढं पुरे वाटलं; दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन सही केली.