काचेपलीकडची रेघ

विमानाच्या पंखांचं आणि इंजिनांचं कौतुक करणारे पोत्याने मिळतात. त्याच्या पोटाला मालाचं एक दार असतं, त्याकडे मात्र कोणी ढुंकून बघत नाही. दाजींचा सगळा जन्म त्या दारापाशी गेला. माल चढवून झाला की दार लावायचं, ते खरोखर लागलंय का ते बघायचं आणि विमान सोडायचं. ऐकायला काय, सोपंच आहे. घराचं दार आपण रोज लावतोच की. पण घराचं दार नीट लागलं नाही तर फार तर मांजर दुधाला तोंड लावतं. हे दार वर आभाळात उघडलं तर तक्रार करायलाही कोणी परत येत नाही.

दाजी हे काही त्यांचं नाव नव्हे. बायकोचा धाकटा भाऊ त्याच विमानतळावर हमालीला लागला आणि येता-जाता ‘दाजी, दाजी’ करू लागला. मग काय, अख्खा तळ त्यांना दाजी म्हणू लागला. त्यात दाजींहून वयाने मोठे लोकही होते आणि ज्यांना बहीणच नाही असेही होते. त्या मेहुण्याला सगळे पैलवान म्हणत, कारण दोघांची पेटी तो एकटा उचलायचा आणि वर बढायाही मारायचा.

आता ते दार कसं असतं ते सांगितलंच पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. त्या तळावर येणारी मालविमानं जुनी होती. त्यांची दारं बाहेर उघडणारी. विमान जसं वर चढतं तशी आतली हवा दाराला बाहेर रेटत जाते. म्हणून दाराच्या खालच्या कडेला आतून लोखंडी हूक असतात आणि मोटर फिरली की ते चौकटीतल्या दांडीला मिठी मारतात. मग बाहेरचा माणूस एक दांडा आत ढकलतो. दांड्याबरोबर प्रत्येक हुकामागे एक खिट्टी सरकते, म्हणजे हूक मागे फिरायला नको. हूक पुरते बसले नसतील तर खिट्टी अडते आणि दांडा जात नाही. एवढं करूनही भरवसा नको, म्हणून दारात कोटाच्या बटणाएवढी एक काच असते. तिच्यातून बॅटरी मारून बघायचं. खिट्टीवर पांढरी रेघ मारलेली असते, ती बरोबर मध्ये दिसली पाहिजे.

हे काम दोघांचं. एक दांड्यावर, दुसरा काचेशी. काचेवाल्याने रेघ दिसली की मोठ्याने ‘दिसली’ म्हणायचं आणि तो शब्द कानावर पडल्याशिवाय दांडेवाल्याने हात काढायचा नाही, अशी तिथली पूर्वापार रीत. दाजी काचेशी असत. ते ‘दिसली’ म्हणाले म्हणजे दिसली. वैमानिक त्यांचा शब्द पुन्हा तपासत नसत.

आणि दाजींना रेघ दिसत नव्हती.

कधीपासून, ते त्यांनाही नेमकं सांगता आलं नसतं. आधी रेघ वाकडी दिसायला लागली, मग पुसट झाली, मग जिथे बघावं तिथेच राखेसारखा डाग. कडेचं सगळं लख्ख. चालायला अडचण नाही, जिना चढायला नाही, कोण येतंय ते नुसत्या चालीवरून ओळखायला नाही. फक्त ज्याच्याकडे रोखून बघावं ते नाहीसं व्हायचं. दुसऱ्या गावच्या डॉक्टरने सांगितलं की यात आंधळे होणार नाही, पण गेलं ते परत येणार नाही. काम काय करता, असं त्याने विचारलं तेव्हा दाजींनी चक्क थाप मारली की खिडकीशी बसून पावत्या फाडतो.

तुम्ही म्हणाल, मग सांगून मोकळं का झाले नाहीत? सांगणं सोपं असतं हो, दुसऱ्याने सांगायचं असलं की. सांगितलं असतं तर गोदामात टेप चिकटवत बसवलं असतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने ‘बिचारे दाजी’ म्हटलं असतं. त्या ‘बिचारे’ला ते फार भ्यायचे. उद्या सांगू, पुढच्या सोमवारी सांगू, अशी चालढकल चालली होती.

आणि निभत होतं, हेच तर वाईट. दांड्यावर तेव्हा काडी नावाचा सहकारी असायचा. नावाप्रमाणेच अंगकाठी. हूक जरा जरी अडला तरी काडीच्याने दांडा जायचा नाही. तो कण्हायचा, दाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, मग दार उघडून पुन्हा लावायचं. दांडा अलगद गेला म्हणजे खिट्ट्या जागेवर, हे दाजींना काडीच्या श्वासावरूनसुद्धा कळायचं. ते काचेला डोळा लावून कान काडीकडे ठेवत आणि सुरळीत गेलं की म्हणत, ‘दिसली.’ एकदाही चूक झाली नाही. माणूस असा रोज सुटत गेला की त्याला वाटायला लागतं, आपण सुटलोच.

मग काडी निवृत्त झाला आणि त्याच्या जागी पैलवान आला.

त्या दिवशी दुपारी सगळ्यात जुनं विमान निघायचं होतं. उशीर झालेला, ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता, वारा इतका की बोललेलं ऐकू येईना. मोटर फिरली. दाजींनी काचेला डोळा लावला आणि राखेत बघत राहिले. पलीकडून पैलवानाचा दांडा आत बसल्याचा खट्ट आवाज आला. कण्हणं नाही, शिवी नाही. दाजी ओरडले, ‘दिसली.’ पैलवानाने हात काढला. विमान गेलं.

दोघं कँटीनमध्ये चहाला बसले. वरून ते विमान गरजत गेलं, खिडकीची तावदानं थरथरली. पैलवान गुडघा चोळत हसत होता. तुमच्या त्या म्हातारीने माझा गुडघा फोडला, म्हणाला. कोणत्या म्हातारीने, म्हणून दाजींनी विचारलं. आत्ता गेली तिनेच, दांडा शेवटची चार बोटं जाईचना, गंजलाय मेला, म्हणून गुडघा लावून हाणला, आपल्यापुढे काय टिकतोय.

दाजींच्या हातातला कप बशीवर ठेवता ठेवता बाहेर टेकला. दांडा गंजला नव्हता. खिट्टी अडली होती आणि पैलवानाने दांडा आणि खिट्ट्या जोडणारा आतला गज वाकवून दांडा तेवढा बसवला होता. दांडा बसला की वैमानिकापुढचा दिवा विझतो. वर तीन माणसं दिवा विझलेला बघून निवांत बसलेली होती.

‘पण तुम्ही दिसली म्हणालात ना?’ पैलवान म्हणाला. त्याचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. ‘म्हणून तर मी सोडलं.’

दाजींनी चाचपत कप बशीत नीट ठेवला.

‘दाजी, तुम्हाला दिसली ना?’

‘नाही रे.’

एवढा धिप्पाड गडी, पण त्याचा चेहरा उतरला. इकडे तिकडे बघून तो हळू आवाजात भराभर बोलायला लागला. काही होत नाही, इतकी वर्षं उडतंय ते विमान. पोचेल, तिथे दार उघडतील, कुणाला कळणारही नाही. तुम्ही तोंड उघडलंत तर तुम्हीही जाल आणि मीही जाईन, ताईने काय करायचं? आणि त्याने दाजींचं मनगट धरलं, आपटायला नव्हे, अगदी पोर धरतं तसं.

इथे दाजींची बाजू घ्यावी असं फार वाटतं, पण घेता येत नाही. कारण ते उठले नाहीत. त्यांनी कप उचलला आणि राहिलेला चहा प्यायले. खरंच प्यायले. पोचेल, असं त्यांनीही मनात म्हणून बघितलं. पण दाराचं गणित त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? जितकं वर तितका रेटा जास्त, आणि दार गेलं तर त्याच्यावरची विमानातली जमीन खचते, आणि त्या जमिनीतूनच विमान सांभाळणाऱ्या, शेपटीकडे जाणाऱ्या तारा असतात. चहा संपला आणि आता करायला दुसरं काही उरलं नाही. मनगट सोडवून ते धावत सुटले.

धावताना समोरची ढकलगाडी त्यांना दिसली नाही. नडगी सोलपटली, पडले, उठले, तसेच पाळीच्या इन्चार्ज बाईंच्या खोलीत शिरले. म्हणाले, आत्ताच्या विमानाला वर चढू देऊ नका, दार लागलेलं नाही. बाई कडक, पण डोकं ठिकाणावर असलेली बाई. आधी त्यांनी नियंत्रण मनोऱ्याला फोन लावला, मग प्रश्न विचारले. पुढे गर्दी होती म्हणून विमानाला अजून कमी उंचीवरच थोपवून धरलं होतं. वैमानिकाने मनोऱ्यामार्फत उलट विचारलं की माझा दिवा विझलेला आहे, दार लागलं नाही असं म्हणतंय कोण? इंधनाने भरलेलं विमान कुणाच्या तोंडच्या शब्दावर परत आणायचं, ही त्याची अडचणही खरीच.

बाईंनी फोनवर हात ठेवला. ‘दाजी, एका शब्दात सांगा. रेघ दिसली होती की नव्हती?’

‘नव्हती.’

‘मग दिसली का म्हणालात?’

‘मला ती दिसतच नाही, बाई. बऱ्याच दिवसांत दिसली नाही.’

बाईंनी फोनवरचा हात काढला. मग फोनमध्ये म्हणाल्या की माणूस खात्रीचा आहे, खाली आणा. खात्रीचा! दाजींना तो शब्द जोड्याने मारल्यासारखा लागला.

इंधन जाळायला विमान तळाभोवती घिरट्या घालत राहिलं. आगीचे बंब येऊन उभे राहिले. दाजी कुंपणाच्या जाळीला धरून उभे. मान वर करून रोखून बघितलं की विमान नाहीसं व्हायचं, नजर जरा कडेला नेली की पुन्हा दिसायचं. आपली मुलगी तापाने फणफणली होती तेव्हाही ते इतके घाबरले नव्हते. दार वर निसटलं तर त्या तिघांना मारणारा मीच, असं ते जाळीशी पुटपुटत होते. पैलवान दूर, पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभा राहिला होता.

विमान उतरलं. मेकॅनिकने दाराची पट्टी काढली. एकही हूक पुरता बसला नव्हता आणि शेवटचा तर दांडीच्या नुसत्या कडेवर टेकला होता. गज धनुष्यासारखा वाकलेला. उतरलेल्या तिघांतला सगळ्यात तरुण होता त्याला कोणीतरी सांगितलं असावं की या माणसामुळे परत आलो. त्याने येऊन दाजींचे दोन्ही हात धरले, मला गेल्या महिन्यात मुलगी झाली म्हणाला, आणि रडायला लागला. दाजींनी त्याच्याकडे बघितलं. कान दिसले, टोपी दिसली, खांद्यावरच्या पट्ट्या दिसल्या. चेहऱ्याच्या जागी काहीच नव्हतं.

‘तुम्हीच मारत होतात आणि तुम्हीच वाचवलंत,’ इन्चार्ज बाई म्हणाल्या. ‘आता तुमचं मी काय करू?’ मग त्यांनी दाजींचं ओळखपत्र मागून घेतलं. पैलवानाचंही.

दोघं एकाच बसने घरी आले, पण वेगवेगळ्या बाकांवर बसून. दारातच बायको उभी होती; बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती. नवऱ्याच्या नडगीवरचं रक्त तिने बघितलं, पाणी आणलं, खाली बसून धुवायला लागली. दाजी म्हणाले की तुला एक सांगायचं राहिलंय, माझे डोळे. ती मान खाली घालूनच म्हणाली, ‘मला ठाऊक आहे.’

दाजींना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

‘लेकीचा फोटो उलटा दिला होता तुमच्या हातात,’ ती म्हणाली. ‘छान आलाय म्हणालात.’ तुम्ही बोलत नव्हतात म्हणून मीही बोलले नाही, रोज डबा देत राहिले. विमान गेल्याचा आवाज आला की हातातलं काम थांबायचं, तो विरला की पुन्हा सुरू करायचे. मग काडीभाऊजी निवृत्त व्हायला निघाले तेव्हा मीच इन्चार्ज बाईंच्या घरी गेले. माझ्या भावाला यांच्या जोडीला द्या म्हणून हातापाया पडले. आपलं माणूस शेजारी असावं, एवढंच मनात होतं.

पैलवान उंबऱ्याबाहेरच थांबला होता. आत यावं की नाही, हे त्याला कळत नव्हतं.

‘ताई,’ तो म्हणाला, ‘मग मला का नाही सांगितलंस?’

तिने ओलं फडकं पिळलं, पुन्हा पिळलं. ‘तुझ्या पोटात काही राहत नाही. तू तळावर बोलला असतास.’

‘हो,’ पैलवान म्हणाला. ‘बोललो असतो.’