काठवटीतलं माडगं

मुलगी बीडला क्लासला होती. तिथं फिजिक्सच्या वहीच्या मागच्या पानांवर तिनं एक अख्खा देश वसवला होता. सुट्टीत घरी आली तेव्हा तो मला सापडला. डोंगर, बुटकी माणसं, बोलणारे लांडगे. मी भडकलेच. आम्ही इकडं पोटाला चिमटा काढून शिकवतोय आणि ही लांडग्यांशी गप्पा मारतेय! वही चुलीत घालणार होते, पण एका पानावर अडकले. त्या देशात लोखंड नाही, तांबं नाही. मग ही माणसं शिजवतात कशात?

"लाकडी भांड्यात," ती म्हणाली. "आत तापलेले दगड टाकून."

"शिजतं का गं असं?"

"तेच तर बघायचंय, मम्मी."

खरं सांगते, मलाही बघायचं होतं.

घरात तेव्हा दुसरं काही चांगलं चाललं नव्हतं. माझे सासरे, आबा, जन्मभर मेंढरांमागं फिरलेले. गुडघे गेले म्हणून दिवाळीला मेंढरं विकली, आणि त्या दिवसापासून आबांचं जेवण सुटलं. चतकोर भाकर मोडायची, तीही कुत्र्यापुढं टाकायची. आष्टीच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "असंच राहिलं तर पावसाळा काढायचे नाहीत." मी मटण करून बघितलं, हातापाया पडून बघितलं, ओरडूनही बघितलं. आबा आपले ओसरीतल्या बाजेवर, भिंतीकडं तोंड करून.

तर त्या सकाळी पोरीनं माझी काठवट उचलली. रोज भाकरीचं पीठ मळायची लाकडी काठवट! तिच्यात माडग्यासाठी हुलग्याचं पीठ पाण्यात कालवलं, मीठ आणि ठेचलेला लसूण घातला. बुटकी माणसं हुलगेच खात असणार असं मीच ठरवलं, कारण डब्यात तेवढंच पीठ होतं. अंगणात चूल पेटवली. ओढ्याच्या डबक्यातून तिनं छान गुळगुळीत दगड आणले आणि विस्तवात सारायला वाकली.

"फेक त्यो! फेक म्हन्तो ना!"

आम्ही दोघी दचकलो. आबा बाजेवर उठून बसले होते.

"पान्यातला दगड हाय त्यो. इस्तवात फुटतोय. डोळा जाईल की गं!" त्यांनी भुवईवरच्या खुणेवर बोट ठेवलं. "हे काय उगंच हाय व्हय?"

ती खूण एडक्याच्या शिंगाची, असं मी लग्न झाल्यापासून धरून चालले होते. एकोणीस वर्षं, आणि एकदाही विचारलं नाही! आता विचारलं.

"तरना होतो. माळावर गेलतो मेंढरं घेऊन. भगुनं चोरानं नेलं. मंग काय, उपाशी मरायचं? दगडं तापवूनच शिजवलं."

काठी घेऊन ते स्वतः बांधावर गेले. काळे दगड एकमेकांवर आपटून, कान देऊन, चार-पाच निवडले. ते चांगले लाल झाल्यावर चिमट्यानं एकेक काठवटीत सोडला. चर्र! पाचव्या दगडाला माडगं रटरटायला लागलं. काठवटीचा तळ करपला. मी कपाळावर हात मारला, पण नजर काही तिथून हलेना.

मी ताटलीत वाढलं, पण ती पुढं केली नाही. भीतीच वाटत होती. आबांनी ती आपणच ओढली, भाकर कुस्करली. "राख लागतीय जरा," म्हणाले, आणि खात राहिले. मला रडूच आलं. धुरावर ढकललं.

"हे खूळ कुठलं गं?" त्यांनी नातीला विचारलं. तिनं सगळं सांगितलं. डोंगर, माणसं, लांडगे.

"मेंढरं हायत का तिथं?"

"हायत की. लई."

"राखतंय कोन?"

तिनं पानं उलटली. "ते लिहिलंच न्हाई, आबा."

"लिहिलं न्हाई? कावून? लांडगे बरे मोकळे सोडलेस!" त्यांनी रिकामी ताटली माझ्याकडं सरकवली. "सूनबाई, वाढ आनखी. आन तू गं, ती वही घिऊन बस इथं."